कोकम सोडा घरच्या घरी: साधा सिलिंडर, गार पाणी आणि बरणीतली रातांब्याची सालं

मे महिन्यात कुडाळपासून रत्नागिरीपर्यंत कुणाच्याही परसात जा, झाडाखाली रातांब्यांचा, म्हणजे कोकमाच्या फळांचा, सडा पडलेला दिसेल. थोडे सोलले जातात, थोडे शेजारी नेतात, बाकीचे पहिल्या पावसात कुजतात. त्याच वाडीच्या नाक्यावर काचेच्या दाराचा एक लाल किंवा निळा फ्रीज असतो. तो कोलाच्या कंपनीने दुकानदाराला वापरायला दिलेला असतो आणि त्यात कंपनीचाच माल ठेवायचा असा करार असतो. आमच्या नाक्यावरच्या दुकानदाराने त्यात बचत गटाच्या कोकम सरबताच्या चार बाटल्या ठेवल्या होत्या. वितरकाच्या माणसाने त्या बाहेर काढायला लावल्या. मग त्या बाटल्या उन्हात, बिस्किटांच्या पुड्यांशेजारी. गार हवं असणारं गिऱ्हाईक त्यांच्याकडे बघतसुद्धा नाही.

मला या धंद्याचा राग येतो आणि तो मी लपवत नाही. १९७७ साली कोका-कोला भारतातून गेली, तेव्हा इथल्या लोकांनी इथली पेयं करून दाखवली. १९९३ साली ती परत आली आणि त्याच वर्षी पार्लेकडून थम्स अप, लिम्का आणि गोल्ड स्पॉट विकत घेतली. गोल्ड स्पॉट तर पुढे बाजारातून नाहीसंच झालं. घरी सोडा करायच्या यंत्रांचंही तेच. त्यातलं जगभर सगळ्यात मोठं नाव म्हणजे सोडास्ट्रीम. २०१८ साली पेप्सिकोने ती कंपनी ३.२ अब्ज डॉलरला घ्यायचा सौदा केला. बाटली सोडून यंत्र घेतलं तरी पैसे फिरून तिथेच जाऊ शकतात.

यंत्राचा धंदा नीट समजून घेतला की पुढचा सगळा खर्च वाचतो. यंत्र एकदाच विकलं जातं, गॅस मात्र दर महिन्याला लागतो. म्हणून यंत्राचा छोटा सिलिंडर असा बनवतात की तो त्यांच्याकडेच बदलून घ्यावा लागेल. जर्मनीत सोडास्ट्रीमचं म्हणणं होतं, सिलिंडर आमच्या मालकीचा, तुम्हाला फक्त वापरायला दिलाय, दुसऱ्या कुणी भरायचा नाही. तिथल्या स्पर्धा नियामकाने २००६ साली ते बेकायदा ठरवलं आणि २००८ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम ठेवला. आपल्याकडे मी एका यंत्राचा सिलिंडर भरायला नेला तेव्हा एजन्सीने हातसुद्धा लावला नाही. ‘आमच्याकडे फक्त बदलून मिळतो, आणि तोही पुण्या-मुंबईत,’ एवढंच उत्तर.

त्या छोट्या सिलिंडरमध्ये गॅस असतो चारशे-सव्वाचारशे ग्रॅम. बदलून घ्यायला जे पैसे पडतात त्यांना अडीचने गुणलं की किलोचा भाव निघतो. मग तालुक्याच्या गावी सोड्याचा गाडा लावणाऱ्याला विचारा, तो गॅस काय भावाने भरून आणतो. दोन्ही आकडे एका कागदावर लिहा. मधला फरक म्हणजे कुलपाची किंमत. आपण हे कुलूपच लावून घ्यायचं नाही. साधा, कुठेही भरून मिळणारा कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर घ्यायचा आणि रिकाम्या प्लास्टिकच्या बाटलीत सोडा करायचा.

सामान जमवताना

सिलिंडर दोन ते पाच किलोचा पुरे. लिटरभर पाण्यात सात-आठ ग्रॅम गॅस मुरतो. बाटलीतल्या मोकळ्या जागेत राहणारा आणि नळी काढताना उडणारा गॅस धरला तरी किलोभरात सत्तरेक लिटर सोडा होतो. म्हणजे गॅसच्या किलोच्या भावाला सत्तरने भागलं की लिटरचा खर्च हातात आला. गणपतीला चाकरमान्यांनी घर भरलं तरी पाच किलोचा सिलिंडर सण काढून पुढे कित्येक महिने पुरतो.

गॅस खाण्याच्या दर्जाचा, म्हणजे फूड ग्रेडच हवा. मिरजोळे, लोटे, कुडाळ अशा औद्योगिक वसाहतींच्या आसपास वेल्डिंगसाठी हाच वायू मिळतो, पण तो पिण्यासाठी तपासलेला असेलच असं नाही. विक्रेत्याकडून बिलावर ‘फूड ग्रेड’ असं लिहून घ्या. आग विझवायच्या सिलिंडरमधला गॅस तर अजिबात नको. सरळ रस्ता असा: आइस्क्रीम पार्लर, हॉटेल किंवा सोड्याची गाडी चालवणाऱ्याला विचारायचं की तुमचा गॅस कुठून येतो. त्यांच्या ओळखीने गेलात तर भरणारा माणूस घरगुती गिऱ्हाइकालाही नाही म्हणत नाही.

सिलिंडरच्या मानेजवळ काही आकडे ठोकलेले असतात, ते वाचायची सवय लावा. रिकाम्या सिलिंडरचं वजन आणि दाबाच्या चाचणीची तारीख तिथेच असते. पाच वर्षांपूर्वीची तारीख असेल तर नवी चाचणी झाल्याशिवाय घेऊ नका, स्वस्तात मिळाला तरीही.

रेग्युलेटर घेताना बरेच जण फसतात. वेल्डिंगच्या दुकानात मिळणाऱ्या रेग्युलेटरवर मिनिटाला किती लिटर गॅस वाहतो ते दिसतं, दाब कळत नाही. आपल्याला दाब दाखवणारा लागतो: दोन काट्यांचा, एक काटा सिलिंडरच्या दाबाचा आणि दुसरा बाहेर पडणाऱ्या दाबाचा, शून्य ते साठ पीएसआयपर्यंतचा (पीएसआय म्हणजे पौंड प्रति चौरस इंच, दाब मोजायचं माप), जादा दाब आपोआप सोडणारा सेफ्टी व्हॉल्व्ह असलेला. त्याचे आटे आपल्या सिलिंडरच्या आट्यांना जुळतात का हे दुकानातच लावून बघा. बेताची वाटणारी नळी घेऊ नका, खाद्यपदार्थांसाठीची आणि दाब सोसणारी घ्या. नळीच्या टोकाला बॉल-लॉक कनेक्टर, म्हणजे दाबून बसवायची जोडणी, आणि बाटलीच्या तोंडाला बसणारी कार्बोनेशन कॅप, म्हणजे आत गॅस घेणारं झडपेचं बूच लागतं. या दोन्ही वस्तू ऑनलाइन मिळतात. नळीत एक नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह टाकला तर पाणी उलटं रेग्युलेटरमध्ये शिरत नाही. तो टाकाच.

बाटली मात्र विकत घ्यायची नाही. लग्नकार्यात कोलाच्या ढिगाने रिकाम्या होतात, त्यातल्या एक आणि दोन लिटरच्या ठेवून घ्या. ओळखायची खूण बुडाशी असते. फसफसणाऱ्या पेयाच्या बाटलीला खाली पाच फुगीर पाकळ्या असतात, दाब सोसण्यासाठीच ते बूड तसं घडवलेलं असतं. साध्या पाण्याच्या बाटलीचं बूड सपाट आणि अंग पातळ असतं. ती वापरायची नाही. काचेची तर नाहीच, मग ती कितीही जाड दिसो. जुन्या गोटी सोड्याची काच जाड असायची आणि ती बाटली त्या दाबासाठीच ओतलेली असायची. सॉसच्या किंवा सरबताच्या बाटलीला तो हिशेब लागू होत नाही.

सिलिंडर कुठे ठेवायचा

यावर थोडं सविस्तर लिहितो, कारण इथे जिवाशी गाठ आहे.

हा वायू हवेपेक्षा जड असतो, त्याला वास नसतो. किलोभर गॅस मोकळा झाला की अर्ध्या घनमीटरहून थोडी जास्त जागा व्यापतो. दहा फूट लांब, दहा फूट रुंद, दहा फूट उंच खोली म्हणजे अठ्ठावीसेक घनमीटर. तिथे दारं-खिडक्या लावून दोन किलोचा सिलिंडर पूर्ण गळला तर हवेत जवळजवळ चार टक्के कार्बन डायऑक्साइड होतो. एवढं प्रमाण जिवाला धोकादायक मानलं जातं. म्हणून हा सिलिंडर माजघरात, देवघराच्या कोनाड्यात किंवा बंद कोठीत ठेवायचा नाही. आपल्या घरांची पडवी यासाठी उत्तम: सावली असते आणि वारा खेळता असतो. तिथे खांबाला साखळीने किंवा दोरीने बांधून उभा ठेवायचा. आडवा ठेवला की गॅसऐवजी द्रवच रेग्युलेटरमध्ये येतो आणि तो गोठून खराब होतो.

दुसरी गोष्ट उन्हाची. सिलिंडरमध्ये हा वायू द्रवरूपात असतो. पंचवीस अंशांना आतला दाब साधारण चौसष्ट बार असतो. एकतीस अंशांच्या वर गेलं की द्रव उरतच नाही आणि दाब भराभर चढू लागतो. किनाऱ्यावर मे महिन्यात सावलीतही तापमान तेहतीस-चौतीस होतं. चांगल्या, योग्य भरलेल्या सिलिंडरला ते सोसतं. पण अंगणात उन्हात ठेवलेला किंवा बंद गाडीत तापलेला सिलिंडर ही वेगळी गोष्ट आहे. चुलीपासूनही लांब ठेवा. आणि मोठ्या सिलिंडरमधून छोट्यात गॅस घरी भरायचा उद्योग कुणीही करू नये, व्हिडिओत कितीही सोपं दिसलं तरी.

जोडणी

रेग्युलेटर बसवण्याआधी त्याचा दाबाचा स्क्रू डावीकडे फिरवून पूर्ण सैल करा. सिलिंडरच्या तोंडाशी धूळ किंवा गंज नाही ना ते बघा, वॉशर नीट बसवा, पान्याने आवळा. आता सिलिंडरचा व्हॉल्व्ह हळूहळू उघडा, उघडताना चेहरा बाजूला ठेवा. मोठ्या दाबाचा काटा चढेल. मग स्क्रू उजवीकडे फिरवत दुसरा काटा तीस पीएसआयवर आणा. काटा किलो प्रति चौरस सेंटिमीटरमध्ये असेल तर २.१. साबणाचा फेस करून प्रत्येक सांध्याला लावा. बुडबुडा फुगला तर गळती आहे. व्हॉल्व्ह बंद करून पुन्हा आवळायचं, पुन्हा फेस लावायचा.

सिलिंडरच्या दाबाचा काटा किती गॅस उरला ते सांगत नाही. आत द्रव आहे तोवर काटा जवळपास एकाच जागी राहतो आणि शेवटी एकदम कोसळतो. शिल्लक बघायची तर सिलिंडर वजनकाट्यावर ठेवा आणि ठोकलेलं रिकामं वजन वजा करा. भरून आणतानाही हेच करा, दुकानदाराच्या देखत.

पाणी

सोडा चांगला होणं न होणं बरंचसं पाण्याच्या गारव्यावर ठरतं. तीस पीएसआयला चार अंशांच्या पाण्यात जेवढा गॅस मुरतो, त्याच्या निम्माच तीस अंशांच्या पाण्यात मुरतो. माठातलं गार पाणीही इथे पुरत नाही. रात्रभर फ्रीजमध्ये ठेवलेलंच पाणी हवं. वीज गेलेली असेल तर बाटली बर्फाच्या पाण्यात तासभर बुडवून ठेवा. मासळीसाठीचा बर्फ बाहेरून गारवा द्यायला चालतो, गिलासात मात्र पडता कामा नये. त्या बर्फात बुडवलेली बाटली उघडण्याआधी तोंड आणि मान धुऊन घ्या.

जांभ्याच्या कातळातल्या विहिरीचं पाणी बहुतेक ठिकाणी हलकं असतं आणि सोड्याला छान लागतं. खाडीकाठच्या विहिरी उन्हाळ्यात मचूळ होतात. ती खारट चव सोड्यात आणखी उठून दिसते, तिथे गोडं पाणी दुसरीकडून आणावं लागेल. पाणी कुठलंही असो, उकळून गार करा. त्याने जंतू मरतातच, शिवाय पाण्यात विरघळलेली हवाही निघून जाते, आणि हवा गेलेल्या पाण्यात गॅस जास्त चांगला धरतो.

सोडा भरणे

बाटली पाऊण भरा. हाताने दाबून पाणी तोंडापर्यंत आणा, म्हणजे आतली हवा निघून जाईल, आणि तसंच दाबून धरून कॅप लावा. बाटली चेपलेली दिसेल. बाटली उभी धरून कनेक्टर कॅपवर दाबा. खटकन आवाज होतो आणि चेपलेली बाटली क्षणात फुगून ताठ होते. आता नळी लावलेलीच असताना बाटली जोरजोरात हलवा. रेग्युलेटरमधून सूं-सूं असा गॅस ओढल्याचा आवाज येत राहील. पाणी गॅस पीत असल्याची ती खूण. अर्धा-एक मिनिट हलवलं की आवाज मंदावतो आणि थांबतो. बाटली उभी करून कनेक्टर काढा, सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद करा. बाटली लगेच उघडायची नाही. तासभर फ्रीजमध्ये स्वस्थ ठेवा, गॅस पाण्यात स्थिरावतो. उघडताना कॅप थोडी सैल करून दाब जाऊ द्या.

जास्त तिखट सोडा हवा म्हणून दाब चाळिसाच्या वर नेऊ नका. पाणी आणखी गार करा आणि एकदा उघडून, हवा काढून, पुन्हा गॅस द्या, तेवढ्याने भरपूर फरक पडतो. बाटलीवर पांढुरकी रेघ, घडी किंवा खोल ओरखडा दिसला की ती भंगारात टाकायची. गरम पाण्याने बाटली धुतली की प्लास्टिक आकसतं आणि कमजोर होतं, म्हणून साध्याच पाण्याने धुवा.

गॅस नेहमी नुसत्या पाण्यातच भरायचा. सरबतात भरला तर उघडताना अर्धी बाटली फेस होऊन भिंतीवर जाते आणि कॅपच्या झडपेत साखर अडकते. तयार सोडा तांब्या-पितळेच्या भांड्यातही ओतू नका, आम्लामुळे तांबं पाण्यात उतरतं. काच किंवा स्टील घ्या.

कोकमाचा पाक

सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीच्या कोकमाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. चव तर त्याआधीपासूनच सगळ्यांना ठाऊक होती.

पिकलेले, गडद जांभळट लाल रातांबे धुऊन पुसून घ्या. पाण्याचा थेंब राहिला तर पुढे बुरशी येते. अर्धे करून बिया आणि गर काढा. बिया टाकू नका, वाळवून ठेवल्या की त्यांचं घट्ट तेल, म्हणजे मुठेल निघतं, आणि भेगाळलेल्या टाचांना त्यासारखं दुसरं काही नाही. किलोभर सालांना दीड ते दोन किलो साखर लागते. प्रत्येक वाटीसारख्या सालात साखर भरून चिनी मातीच्या किंवा काचेच्या बरणीत थरावर थर लावायचे, वर साखरेचा जाड थर. तोंडाला दादरा बांधून बरणी उन्हात ठेवायची, रोज कोरड्या लाकडी चमच्याने खालवर करायची. दुसऱ्या दिवसापासून लाल रस सुटायला लागतो, आठवडाभरात सालं आकसून त्या रसात तरंगतात. हे सगळं मिरग लागायच्या आत उरकायला हवं, दमट हवेत बरणीला धोका असतो.

सोड्यासाठी हा पाक मलमलीतून दोनदा गाळा. सालाचा बारीक कण राहिला तरी त्याच्यापाशी गॅस जमून फेस उसळतो. जिऱ्याची पूड आणि मीठही गिलासात वरून टाकायचं नाही, पाकातच मुरवून मग गाळायचं. ॲल्युमिनियमचं भांडं या आंबट रसाला कधीच लावू नका. हंगाम नसेल तर आगळ, म्हणजे कोकमाचा खारवलेला रस वापरता येतो. त्यात मीठ भरपूर असतं, म्हणून गिलासाला दोन चहाचे चमचे आगळ, चिमूटभर जिरं मुरवून गाळलेला चवीपुरता साखरेचा पाक, आणि वरून मीठ अजिबात नको. हा मसाला सोडा मला गोड कोकमापेक्षा जास्त आवडतो, मासळीच्या जेवणावर तर फारच.

ओतायचा क्रम: आधी पाक, मग बर्फ, मग गिलास तिरका धरून कडेने सोडा. चमच्याने एकदाच खालून वर हलवायचं.

घरचं म्हणून साखर कमी होते असं समजू नका. बाजारातल्या कोलात शंभर मिलिलिटरला साडेदहा ग्रॅमच्या आसपास साखर असते, म्हणजे अडीचशेच्या गिलासाला सव्वीस ग्रॅम. कोकमाचा दाट पाक तीस मिलिलिटर घेतला तर त्यातही वीस-बावीस ग्रॅम जाते. वीस मिलिलिटरवर आलात तर पंधराच्या आसपास. फरक असा की घरी हे माप आपल्या हातात असतं आणि मुलांची जीभ महिन्याभरात कमी गोडाला सरावते. करवंदांचा पाकही असाच, पण चीक जाण्यासाठी थोडा उकळून. कैरीचं पन्हं सोड्यात घालायचं तर गर अगदी तलम गाळावा लागतो. आलं-लिंबू सगळ्यात सोपं.

सिलिंडर नसेल तर

यीस्टनेही गॅस होतो. लिटरच्या, पाकळ्यांच्या बुडाच्या बाटलीत उकळून कोमट केलेलं पाणी, शंभर ग्रॅम साखर, लिंबाचा रस, किसलेल्या आल्याचा गाळलेला रस आणि ब्रेडसाठीच्या कोरड्या यीस्टची चिमूट घाला. वर तीन-चार सेंटिमीटर जागा सोडून मूळ बूच घट्ट लावा आणि सावलीत ठेवा. आपल्याकडच्या उकाड्यात आठ-दहा तासांनी बाटली दाबून बघायला सुरुवात करायची. बोटाने दाबली जाईनाशी झाली की ताबडतोब फ्रीजमध्ये. विसरलात तर फुटते. दुसऱ्या दिवशी गार झाल्यावर हळू उघडा आणि दोन-तीन दिवसांत संपवा. यात थोडं मद्यार्क तयार होतं, एक टक्क्याच्या आत, पण होतं. मुलांना आणि ज्यांना ते वर्ज्य आहे त्यांना देऊ नका, पाहुण्यांना आधी सांगा. खाण्याचा सोडा आणि लिंबू एकत्र करून फसफस येते खरी, पण चव खारट-साबणासारखी आणि पोटात सोडियम विनाकारण. त्यासाठी वेळ घालवू नये.

कुणाच्या मनात विकायचा विचार आला तर आधी अन्न परवान्याची नोंदणी करा आणि कराचा हिशेब बघा. २२ सप्टेंबर २०२५ पासून गॅस नसलेल्या फळाच्या सरबतावर ५ टक्के जीएसटी आहे. त्याच सरबतात गॅस भरून बाटली विकली की ४० टक्के, कोलाइतकाच. रातांबे सोलणाऱ्या बायांच्या गटाला आणि अब्जावधींच्या कंपनीला एकच दर लावणं मला अन्यायाचं वाटतं. हा दर बदलत नाही तोवर गटांनी पाक विकावा आणि सोडा घेणाऱ्याने घरी भरावा, हा मार्ग मोकळा आहे.

वाडीतल्या तीन-चार घरांनी मिळून एक सिलिंडर घेतला तर खर्च अंगावर येत नाही. बाटल्या आणि कॅप ज्याच्या त्याच्या, सिलिंडर एकाच्या पडवीत, वही खुंटीला. भरायला नेताना रेग्युलेटर काढून घरीच ठेवा, व्हॉल्व्हवर झाकण लावा, सिलिंडर गाडीत उभा बांधा आणि काचा खाली ठेवा. भरून झाला की वाटेत बाजारहाट करत थांबू नका, सरळ घरी आणून सावलीत बांधा आणि वजन वहीत लिहा.